स्थानिक प्रतिष्ठानांचे अनुदान आणि लहान स्वयंसेवी संस्था : प्रस्तावाचे स्वरूप

प्रस्तावना :
वस्ती किंवा गावपातळीवर कार्य करणाऱ्या लहान स्वयंसेवी संस्थांसाठी निधीची वाट नेहमीच अरुंद राहिली आहे. परकीय निधीविषयक कायद्यातील सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने असा निधी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास मनाई केली. मोठ्या संस्थांमार्फत लहान संस्थांपर्यंत पोहोचणारा हा स्रोत त्यामुळे बंद झाला आणि स्थानिक प्रतिष्ठाने व धर्मादाय न्यास यांचे महत्त्व वाढले. मुंबईत १९९१ मध्ये स्थापन झालेला बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट हे अशा स्थानिक प्रतिष्ठानाचे उदाहरण होय. कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ नेही सामाजिक दायित्वाच्या निधीबाबत कंपनीच्या कार्यस्थळालगतच्या परिसरास प्राधान्य देण्याची तरतूद केली आहे. अशा अनुदानासाठी करावयाच्या अर्जाचे स्वरूप स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कागदपत्रांची पूर्तता :
महाराष्ट्रात संस्था नोंदणी अधिनियम, १८६० अन्वये नोंदलेल्या संस्थेस महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० अन्वयेही नोंदणी करावी लागते. अर्जासोबत सर्वसाधारणपणे नोंदणी प्रमाणपत्र, विश्वस्तांची नावे दर्शविणारा परिशिष्ट एकचा उतारा, लेखापरीक्षित हिशेब आणि '१२ अ' व '८० जी' या नावांनी परिचित असलेली आयकरविषयक प्रमाणपत्रे मागितली जातात. एप्रिल २०२१ पासून ही आयकर नोंदणी मुदतबंद झाली असून तिचे नूतनीकरण करावे लागते. कंपनीचा निधी हवा असल्यास त्याच महिन्यापासून सीएसआर-१ ही नोंदणीही आवश्यक ठरली आहे. विश्वस्त बदलले, परंतु धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत बदल अर्ज सादर झाला नाही, तर उताऱ्यावरील नावे आणि अर्जावरील सह्या जुळत नाहीत. अशा वेळी कार्य चांगले असूनही अर्ज अडतो.

गरजेची मांडणी :
स्थानिक प्रतिष्ठानास परिसराची ओळख असते. त्यामुळे 'शिक्षणाची दुरवस्था' यांसारखी व्यापक विधाने त्याच्यापुढे निरुपयोगी ठरतात. वस्तीत इयत्ता पाचवी ते दहावीची मुले किती, त्यांपैकी घरी अभ्यासास जागा नसलेली किती आणि संस्था त्यांपैकी किती मुलांपर्यंत पोहोचणार, एवढे सांगितले तरी प्रस्तावास आधार मिळतो. वर्षाअखेरीस कोणता बदल मोजता येईल, हेही आरंभीच नमूद करणे इष्ट होय.

अंदाजपत्रक :
प्रस्तावाची खरी कसोटी अंदाजपत्रकात लागते. उदाहरणादाखल ४० मुलांच्या अभ्यासिकेचा विचार करता येईल. शिक्षिकेचे मानधन दरमहा ८,००० रुपयांप्रमाणे वर्षाला ९६,००० रुपये, पुस्तके व साहित्य २४,०००, जागेचे भाडे ३६,००० आणि हिशेब व लेखापरीक्षण १५,००० असा एकूण खर्च १,७१,००० रुपये, म्हणजे प्रतिमूल ४,२७५ रुपये होतो. प्रस्ताव स्वस्त दिसावा म्हणून भाडे व हिशेबाचा खर्च वगळल्यास मागणी १,२०,००० रुपयांवर येते आणि प्रतिमूल खर्च ३,००० रुपये दिसतो. प्रत्यक्षात ५१,००० रुपयांचा खर्च नाहीसा होत नाही, तो केवळ कागदावरून दूर होतो. पुढे भाडे थकते, शिक्षिकेचे मानधन लांबते आणि अनुदान मिळूनही अभ्यासिका बंद पडण्याची वेळ येते. खर्चाचा काही भाग अन्य स्रोतांतून येणार असल्यास तो स्रोत व रक्कम स्पष्ट लिहावी, परंतु खर्च लपवू नये. प्रतिष्ठान प्रशासकीय खर्च देत नसेल, तर तो कोठून भागणार हे अर्ज करण्यापूर्वीच ठरविणे आवश्यक आहे.

अनुदानानंतरची जबाबदारी :
मंजुरीने अर्जाची प्रक्रिया संपत नाही. अनुदानाचा स्वतंत्र हिशेब, विनियोग प्रमाणपत्र आणि मुदतीत सादर केलेला अहवाल यांवर पुढील वर्षाचा विश्वास अवलंबून असतो. उद्दिष्ट अपूर्ण राहिल्यास त्याची कारणे अहवालात मांडणे हितावह असते, कारण स्थानिक प्रतिष्ठानास वस्तुस्थिती प्रत्यक्ष पाहता येते.

समारोप :
वस्तीचे सर्वेक्षण, अंदाजपत्रक आणि नेमके लेखन ही तिन्ही कौशल्ये महाविद्यालयात उपलब्ध आहेत. समाजशास्त्र, वाणिज्य व मराठी विभागांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या साहाय्याने परिसरातील एखाद्या लहान संस्थेस प्रस्तावासाठी मदत केल्यास विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कार्याचा परिचय होईल. संस्थेलाही आपल्या कार्याची खरी किंमत निःसंकोचपणे मांडण्याचे बळ मिळेल. अनुदानाची रक्कम लहान असली तरी चालते. ती कार्याच्या वास्तव खर्चाशी प्रामाणिक असणे महत्त्वाचे आहे.