तुकोबांच्या मागचे चौदा आवाज

लोणावळ्याजवळच्या कुरवंड्यात उगम पावणारी इंद्रायणी मावळातून देहूला येते आणि आळंदीवरून पुढे जात तुळापूरला भीमेला मिळते. सतराव्या शतकात याच खोऱ्यात गाणाऱ्यांचा एक संच जमला. वारकरी परंपरा त्यांना तुकोबांचे चौदा टाळकरी म्हणते. कीर्तनाला तुकोबा उभे राहिले की त्यांच्या मागे धृपद धरायला ही मंडळी असत.

परंपरेने जपलेली नावं वाचली तरी त्या काळचं सगळं गाव डोळ्यांसमोर येतं. चाकणचे संताजी जगनाडे तेली, सुदुंबऱ्याचे गवारशेट वाणी, लोहगावचे शिवबा कासार, नावजी माळी आणि कोंड पाटील, कडूसचे गंगाराम मवाळ, येलवाडीचे मालजी गाडे, चिखलीचे मल्हारपंत कुलकर्णी. शिवाय तुकोबांचे धाकटे बंधू कान्होबा होतेच. तेली, वाणी, कासार, माळी, पाटील, ब्राह्मण एका ओळीत उभे राहून एकच चरण म्हणत. जातीजातींत पंगत वेगळी बसण्याच्या त्या काळात हे धाडस होतं.

संच बदलला तोही कसा! बहुळचे रामेश्वर भट आधी तुकोबांचे कडवे विरोधक. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या, असं परंपरा सांगते. पुढे तेच शरण आले आणि चौदांत उभे राहिले. तुकोबांची आजही म्हटली जाणारी आरती त्यांच्या नावावर आहे. कालच्या विरोधकाला टाळ देऊन रांगेत जागा करून देणं, याहून मोठी गुरुकृपा कोणती?

धृपद धरणं हे दुय्यम काम नाही. कीर्तनकार चरण सांगून निरूपणात शिरतो, दृष्टान्त देतो, श्रोत्यांना लांब नेतो. तिथून परत यायचं ते धृपदावर, आणि ते धृपद सुरात, लयीत तयार ठेवायचं टाळकऱ्यांनी. काशाच्या टाळांची दोरी बोटांना गुंडाळलेली असते, पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावलेली असते. कीर्तनकाराचा शब्द संपतो न संपतो तोच मागून चरण उचलला गेला पाहिजे. क्षणाचा उशीर झाला तर रंग उतरतो. तुकोबांना याची किंमत ठाऊक होती. आरंभी आपण दुसऱ्यांच्या मागे राहून धृपद धरत होतो, हे त्यांनीच आपल्या अभंगात सांगून ठेवलं आहे.

या चौदांतल्या काहींनी गळ्याबरोबर लेखणीही चालवली. गंगाराम मवाळ आणि संताजी यांनी तुकोबांचे अभंग उतरवून घेतले. पुढे वि. ल. भावे यांनी संताजींच्या वह्यांवरून गाथा छापला. मावळातल्या सुदुंबऱ्याला संताजींची समाधी आहे. त्यांना माती देताना चेहरा काही झाकेना, अखेर वैकुंठाहून तुकोबांनी येऊन माती दिली तेव्हा झाकला, ही कथा तिथे आजही सांगतात. गुरु-शिष्यांच्या मैत्रीवर लोकांचा किती जीव होता, ते या कथेतून कळतं.

1650 च्या सुमारास तुकोबा गेले. मुख्य आवाज गेला की संच विखुरतो, असा सर्वत्र अनुभव आहे. पण अपवादही आहेत. अमेरिकेत डेट्रॉइटच्या ‘द टेम्प्टेशन्स’ या सोल गायकांच्या मेळ्यातून 1960 च्या दशकापासून एकामागून एक मोठे गायक गेले, तरी ओटिस विल्यम्स यांनी नवे आवाज घेऊन मेळा चालू ठेवला. त्या गाण्याची मुळं चर्चमधल्या गाण्यात आहेत. तिथेही एकाने ओळ टाकायची आणि सर्वांनी उचलायची.

देहूत मेळा चालू ठेवण्याचं हेच काम फार मोठ्या प्रमाणावर झालं. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 मध्ये पालखी सोहळा सुरू केला. तुकोबांना प्रत्यक्ष न पाहिलेल्या पिंपळनेरच्या निळोबारायांनी त्यांना गुरू मानून अभंगाची परंपरा पुढे नेली. एकोणिसाव्या शतकात आरफळच्या हैबतबाबांनी ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला शिस्त लावली. चौदांची रांग दिंडी-दिंडीत वाढली. वीणेकरी, पखवाजवाले, टाळकरी प्रत्येक पिढीत बदलले, चाल मात्र हातून हाती येत राहिली.

मावळात ती अजून ऐकू येते. माघ शुद्ध दशमीला भंडारा डोंगरावर गर्दी लोटते. कार्तिकात पहाटे गावोगावी काकडा होतो. गावचं भजनी मंडळ म्हणजे आजोबांच्या शेजारी नातू, आणि आता स्वतःचं मंडळ चालवणाऱ्या बायकाही. कीर्तनकारांची नावं फलकावर मोठ्या अक्षरांत लागतात, ती लागावीतच. पण मागच्या टाळकऱ्याला जी चाल पाठ आहे, ती फलकावर मावत नाही. ती मुलांना शेजारी उभं करूनच शिकवावी लागते. ज्या गावात हे शिकवणं चालू आहे, तिथे तुकोबांचे चौदा अजून पूर्ण आहेत.