पंप बंद नको, आवाज बंद हवा

मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले. काचेआडचे रंगीत मासे पाहून लहानथोर हरखून जात. आता ही हौस घरोघरी आली आहे. मुलुंडला आमच्या घरीही काचेची पेटी आहे. नातीने कुर्ल्याच्या बाजारातून चार गोल्डफिश आणले, तेव्हा हवेचा एक छोटा पंपही आणला.

दिवसा पंपाचा आवाज कळत नसे. रात्री सामसूम झाली की भुणभुण ऐकू येई. एके दिवशी शेजारी आले. म्हणाले, "गुरुजी, रागावू नका. तुमचा पंप रात्रभर भिंतीतून घुमतो. मला पहाटे चारला उठून पहिल्या पाळीला जायचं असतं."

त्यांचे म्हणणे रास्त होते. त्या रात्री मी पंप बंद करून निजलो. मे महिना होता. सकाळी पाहतो तो काय! दोन मासे मरून पडले होते. उरलेले दोन पाण्यावर तोंड काढून धापा टाकीत होते. नात रडत म्हणाली, "आजोबा, तुम्ही पंप का बंद केलात?"

जन्मभर मी मुलांना प्रश्न विचारले. पण या प्रश्नाचे उत्तर मला देता येईना. मग मी सगळी माहिती करून घेतली. तीच तुम्हाला सांगतो.

पंप कशासाठी?

माशालाही प्राणवायू लागतो. तो पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांनी घेतो. हा प्राणवायू फार थोडा असतो. पाणी २० अंश सेल्सियस असेल, तर एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो. ३० अंशांना साडेसातच मावतो. म्हणजे उन्हाळ्यात माशांची अडचण अधिक. पेटीत वनस्पती असतील, तर रात्री त्याही प्राणवायू घेतात. म्हणून रात्री पंप बंद करणे सर्वांत वाईट.

पुष्कळांना वाटते, बुडबुड्यांतूनच सगळा प्राणवायू मिळतो. तसे नाही. बुडबुडे वर येताना पाणी ढवळतात. खालचे पाणी वर येते, हवेला लागते आणि प्राणवायू घेऊन खाली जाते. पाण्याचा वरचा थर हलता राहिला म्हणजे झाले. त्यासाठी मोठ्या, गोंगाट करणाऱ्या पंपाची गरज नाही. पेटीही उंच व अरुंद नको, पसरट बरी.

फायटर आणि गुरामी हे मासे वर येऊन हवाही गिळतात. त्यामुळे ते निभावून नेतात. गोल्डफिशचे तसे नाही.

आवाज कशाचा?

आपल्या घरची वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते. त्या तालावर पंपातली लोहचुंबकाची पट्टी थरथरते. ती रबरी पडदा दाबते आणि सोडते. त्यामुळे हवा नळीत जाते. थरथर आली म्हणजे आवाज आलाच. पण तो मुळात लहान असतो. पंप फळीला किंवा भिंतीला टेकला की तीही थरथरू लागते. तंबोऱ्याची तार बारीक, पण भोपळ्यामुळे तिचा नाद मोठा होतो. तसेच हे आहे.

उपाय काय?

पंपाखाली जाड स्पंजचा तुकडा ठेवा. पंप किंवा नळी भिंतीला लागू देऊ नका. मात्र पंप कापडात गुंडाळू नका. तो तापून बिघडेल.

नळीच्या टोकाला बुडबुड्यांचा दगड असतो. त्याची छिद्रे बुजली की पंपावर ताण येतो आणि आवाज वाढतो. दगड वेळीच बदला. तो फार खोलही सोडू नका. जितका खोल, तितका ताण जास्त. पंपाचा आवाज अचानक वाढला, तर आतला रबरी पडदा फाटला आहे का ते दुकानदाराला दाखवा. उघडण्याआधी पंपाचा प्लग काढा.

पंप पाण्याच्या पातळीहून उंच ठेवा. खाली ठेवायचा झाला, तर नळीत एकमार्गी झडप बसवा. नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटे पंपात उतरते.

वीज बराच वेळ गेली, तर काय करावे? पेल्याने पाणी काढून थोड्या उंचीवरून पुन्हा पेटीत ओतावे. असे अधूनमधून करावे. त्या वेळी माशांना खाऊ घालू नये. उरलेले अन्न कुजते आणि तेही प्राणवायू खाते.

आम्ही पंप भिंतीपासून वीतभर दूर घेतला. खाली स्पंज घातला. दगड नवा लावला. दुसऱ्या दिवशी मी शेजाऱ्यांना विचारले, "काल रात्री त्रास झाला का?" ते म्हणाले, "गुरुजी, मला वाटलं तुम्ही पंप बंदच ठेवलात!"

पंप रात्रभर चालू होता. दोन्ही मासे सुखरूप होते. शेजाऱ्याची झोप आणि माशाचा श्वास, दोन्ही सांभाळता येतात. मला हे आधी कळले असते, तर नातीचे चारही मासे वाचले असते.