कागदावर फरशा, आत सिगारेटी

न्हावा-शेवा बंदरात उतरलेल्या कंटेनरच्या कागदपत्रांवर भलताच माल लिहिलेला असतो. दार उघडलं की तोच माल समोर दिसतो आणि त्याच्या मागे परदेशी सिगारेटींची खोकी दडलेली असतात. महसूल गुप्तचर संचालनालयाने अशी प्रकरणं इथे वारंवार पकडली आहेत. अंधेरीजवळच्या विमानतळावर अशाच सिगारेटी प्रवाशांच्या बॅगांतून येतात.

प्रत्येक कंटेनर रिकामा करून बघणं अशक्य, म्हणून क्ष-किरण स्कॅनर वापरतात. आधुनिक स्कॅनर दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे किरण आरपार सोडतो. जड अणूंचं लोखंड ते एका प्रमाणात शोषतं, हलक्या अणूंचा तंबाखू आणि कागद वेगळ्या. त्या फरकावरून पडद्यावर रंगांच्या छटा उमटतात. कागदावर फरशा आणि पडद्यावर सेंद्रिय पदार्थ, म्हणजे संशयाला जागा झाली. पण जाहीर केलेला माल कापड किंवा कागदच असेल, तर यंत्र चाचपडतं. तिथे खबर आणि आयातदाराचा पूर्वेतिहासच कामी येतो.

एवढी उठाठेव का? सिगारेटवरचा कर बुडवला की हलक्या, छोट्या पाकिटात मोठा नफा उरतो. या पाकिटांवर अनेकदा ८५ टक्के जागेचा सचित्र इशाराही नसतो. स्वस्त सिगारेट कोवळ्या मुलांच्या हाती सहज पडते, मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. महाराष्ट्राने २०२० मध्ये सुट्या सिगारेटींच्या विक्रीवर बंदी घातली, कारण सुट्या सिगारेटीबरोबर इशारा जातच नाही. बोरिवली-घाटकोपरच्या टपऱ्यांनाही ती लागू आहे.

तंबाखूच्या अवैध व्यापाराविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार २०१८ मध्ये अमलात आला, भारत त्यात सहभागी आहे. पाकिटावर वेगळी ओळखखूण असावी आणि कारखान्यापासून पुढचा तिचा प्रवास शोधता यावा, अशी त्यात तरतूद आहे.