केवलेश्वर आणि बाळपणचा धर्म

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगांव हें स्टेशन लागतें. पंडिता रमाबाईंनीं स्थापिलेलें मुक्ति मिशन याच गांवीं आहे. तेथून उत्तरेस घोडनदीच्या कांठीं शिरूर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें इंग्रजांची छावणी होती, व पुढें अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें झालें. ख्रिस्ती धर्माशीं या दोन तालुक्यांचा परिचय असा जुना असल्यामुळें, त्या धर्मांत पूर्वीं फार गाजलेला एक प्रश्न आमच्या वाचकांपुढें मांडावा असें आम्हांस वाटतें. तो प्रश्न वरकरणीं परका दिसला, तरी आपल्या प्रत्येक घरांत तो या ना त्या रूपानें उभा आहे.

प्रश्न असा: एखाद्या मनुष्याच्या बुद्धीस एक ईश्वर मान्य आहे, परंतु ज्या धर्मांत तो लहानाचा मोठा झाला त्यांतील ग्रंथप्रामाण्य, चमत्कार व विधि त्याला पटेनासे झाले आहेत, तर त्यानें त्या धर्माशीं कसें वागावें? आपल्या घरांतील मुलगा म्हणतो, "देव आहे हें मला मान्य आहे, पण श्राद्धानें पितर तृप्त होतात हें मान्य नाहीं." वडील म्हणतात, "मग माझ्यामागें तूं काय करणार?" या एका वाक्यानें किती घरांतील जेवणाच्या पंक्ति अबोल झाल्या असतील!

ज्या मताला इंग्रजींत डीइझम म्हणतात त्याला आपण केवलेश्वरवाद म्हणूं. ईश्वरानें सृष्टि निर्माण केली, तिला नियम घालून दिले, आणि मनुष्याला ते ओळखण्यास बुद्धि दिली. याहून निराळा ईश्वरी ग्रंथ नाहीं, चमत्कार नाहीं, मध्यस्थ नाहीं, असें हें मत आहे. सतराव्या व अठराव्या शतकांत तें युरोपांत पसरलें. कार्यावरून कर्त्याचें अनुमान करण्याची ही रीति आपल्या नैयायिकांस नवी नाहीं. उदयनाचार्यांची न्यायकुसुमांजलि याचसाठीं प्रसिद्ध आहे. परंतु नैयायिक अनुमानानें ईश्वर सिद्ध करून पुन्हा वेदाकडे वळतो, कारण वेद हा त्याच ईश्वराचा शब्द असें तो मानतो. केवलेश्वरवादी मात्र अनुमानाच्या उंबरठ्यावरच थांबतो.

अशा मनुष्याचा जन्म कॅथलिक घरांत झाला, तर त्याची अडचण हिंदूच्या अडचणीहून बिकट होते. सांख्यांनीं व मीमांसकांनीं ईश्वराविषयीं मौन धरलें किंवा त्याला नाकारलें, तरी त्यांना कोणी धर्माबाहेर घातलें नाहीं. आपल्याकडे बहिष्कार पडे तो आचारावरून. कॅथलिक पंथांत आचाराइतकाच उच्चार महत्त्वाचा आहे. रविवारच्या उपासनेंत श्रद्धासूत्र मोठ्यानें म्हणावयाचें असतें. ईश्वर एक असून पिता, पुत्र व पवित्र आत्मा असें त्याचें त्रैक्य आहे, पुत्र मनुष्य होऊन अवतरला, मरून पुन्हा उठला, हें सर्व त्यांत येतें. ज्याला हें पटत नाहीं, त्यानें ओंठ हलवावे कीं मिटावे?

फ्रान्सचा प्रसिद्ध लेखक व्होल्तेर (१६९४–१७७८) याच कात्रींत सांपडलेला होता. पॅरिसमधील जेझुइट पाद्र्यांच्या विद्यालयांत तो शिकला आणि जन्मभर त्याच पंथावर त्यानें टीकेचे आसूड ओढले. तरी फर्ने येथें आपल्या जमिनीवरील जुनें देऊळ पाडून त्यानें १७६१ च्या सुमारास नवें बांधलें, आणि त्यावर संताचें नांव न घालतां ईश्वराला अर्पण केल्याचा लेख कोरविला. पुढें १७६८ च्या ईस्टर सणांत त्यानें त्याच देवळांत प्रसादहि घेतला. त्यावरून तेथील बिशप फार रागावला. मरणसमयीं आपलें प्रेत बेवारशासारखें टाकलें जाऊं नये ही त्याला धास्ती होती. पॅरिसमध्यें त्याला धर्मविहित दफन नाकारण्यांत आलें, तेव्हां मठाधिपति असलेल्या त्याच्या भाच्यानें शँपेन प्रांतांतील एका मठांत तें घाईघाईनें उरकलें. बुद्धीनें सोडलेलें घर मनुष्य देहानें सहसा सोडूं शकत नाहीं, हें यावरून दिसतें.

आतां केडगांवकडे वळूं. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) केवलेश्वरवादी नव्हत्या, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. परंतु बुद्धीचा ईश्वर आणि चर्चचा धर्म यांमधील अंतर त्यांच्याइतकें प्रामाणिकपणें मोजणारी दुसरी व्यक्ति आमच्या परिचयाच्या इतिहासांत नाहीं. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येला वडिलांनीं आणि आईनें संस्कृत शिकविलें; पुराणें सांगत त्यांनीं देश पायीं पालथा घातला. दुष्काळांत आईबाप गेले. १८७८ सालीं कलकत्त्यास पंडितांनीं त्यांचा गौरव केला. तेथेंच केशवचंद्र सेनांनीं त्यांना वेद वाचण्यास सांगितलें, आणि जसजसें वाचन वाढलें तसतशी जुनी श्रद्धा गळत गेली. १८८० मध्यें बिपिनबिहारी मेधावी यांच्याशीं त्यांनीं नोंदणीविवाह केला. १८७२ च्या त्या कायद्याप्रमाणें, आपण हिंदु, ख्रिस्ती, मुसलमान इत्यादि कोणत्याहि धर्माचे नाहीं असें वधूवरांस लिहून द्यावें लागे. त्या वेळीं हें दोघांच्या बाबतींत अक्षरशः खरें होतें.

पतीच्या निधनानंतर त्या पुण्यास आल्या व १८८३ सालीं इंग्लंडांत गेल्या. तेथें वाँटेज गांवच्या भगिनीमंडळांत त्या राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. हें मंडळ पोपच्या सत्तेखालीं नव्हतें. तें इंग्लंडच्या चर्चमधील होतें, परंतु त्या चर्चच्या कॅथलिक वळणाच्या शाखेचें. व्रतस्थ जीवन, पापनिवेदन, गुरुजनांची आज्ञा व चर्चचा अधिकार यांवर तेथें सर्व भर. रमाबाईंनीं बाप्तिस्मा घेतला, पण बुद्धि गहाण ठेविली नाहीं. त्रैक्याचा सिद्धांत मला समजावून द्या, नुसता लादूं नका, असा त्यांचा आग्रह होता. सिस्टर जेराल्डिन व चेल्टनहॅमच्या विद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशीं त्यांचा जो पत्रव्यवहार झाला त्यांत हा वाद भरलेला आहे. क्रुसावर लॅटिन अक्षरें असलेलीं त्यांना रुचलीं नाहींत. आमची संस्कृत काय कमी पवित्र, असा त्यांचा सवाल होता. शाकाहारहि त्यांनीं सोडला नाहीं. भगिनींना त्यांत जातीचा अभिमान दिसला. कन्या मनोरमा हिला कोणती धर्मशिकवण द्यावी, यावरहि मतभेद झाले. धर्म बदलला तरी घरचें वळण राहिलें. आणि नव्या धर्मांतहि जें पटलें नाहीं तें त्यांनीं मुखानें म्हटलें नाहीं.

याच भगिनीमंडळाचें काम पुण्यांत पंचहौद मिशनमध्यें चाले. १८९० च्या ऑक्टोबरांत तेथें झालेल्या चहापानाची हकीकत प्रसिद्धच आहे. गोपाळराव जोशी यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें छापून आणलीं आणि शहरांत वादळ उठलें. न्यायमूर्ति रानडे हे प्रार्थनासमाजाचे आधारस्तंभ. त्यांचा ईश्वर प्रार्थना ऐकणारा होता, म्हणून तेहि काटेकोर अर्थानें केवलेश्वरवादी नव्हेत. पण ग्रंथप्रामाण्य त्यांस मान्य नव्हतें. तरीहि १८९२ सालीं त्यांनीं प्रायश्चित्त घेतलें. सुधारक मंडळी त्यामुळें खिन्न झाली. आमच्या मतें यांत आणि रमाबाईंच्या वर्तनांत विरोध नाहीं. रानड्यांकडे मागितला गेला तो आचार. ईश्वर असा आहे वा तसा आहे असें कांहीं त्यांच्याकडून वदवून घेतलें गेलें नाहीं. रमाबाईंकडे मागितला गेला तो उच्चार, आणि तोहि ईश्वराच्या स्वरूपाविषयींचा. कुटुंबासाठीं व मित्रांसाठीं आचारांत नमतें घेतां येईल; परंतु ईश्वराविषयीं खोटें बोलणें हा ईश्वराचाच अपमान होय.

मात्र केवलेश्वरवादांतील एक उणीवहि सांगितली पाहिजे. शिरूरच्या छावणींत १८०९ सालीं कर्नल वॉलेस नांवाचा इंग्रज अधिकारी वारला. पुढें आसपासचे गांवकरी त्याला सत्पुरुष मानूं लागले, आणि सुगीच्या वेळीं नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या थडग्यापुढें ठेवूं लागले. पुणें जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरमध्यें याची नोंद आहे. ब्राह्मण व मारवाडी मात्र त्या पूजेंत नसत असेंहि तेथें म्हटलें आहे. विद्वानाला हें हास्यास्पद वाटेल. पण ज्याला हांक मारावी आणि ज्यानें ऐकावें असें कोणीतरी जवळ असावें, ही मनुष्यमात्राची भूक आहे. सृष्टीला चालना देऊन दूर बसलेला ईश्वर ती भागवीत नाहीं. रमाबाईंनीं स्वतःच पुढें लिहिलें कीं, धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. तो अनुभव त्यांस १८९१ च्या सुमारास आला. १८९६ च्या दुष्काळांत त्यांनीं शेंकडों अनाथ मुलींना केडगांवीं आणलें, आणि अखेरपर्यंत मूळ हिब्रू व ग्रीकवरून सोप्या मराठींत बायबल उतरविण्यांत देह झिजविला. त्यांचा निष्कर्ष प्रत्येकानें घ्यावा असें नाहीं; परंतु त्या तेथवर स्वतःच्या पायांनीं चालत गेल्या, हें विसरतां येत नाहीं.

तेव्हां तरुणांस आमचें सांगणें इतकेंच: जें पटत नाहीं तें तोंडानें म्हणूं नका, पण ज्या हातांनीं तुम्हांस वाढविलें त्यांच्या विधींची टवाळीहि करूं नका. बापाच्या तिथीस पान वाढणें हें कृतज्ञतेचें कर्म म्हणून करतां येतें. पितरांविषयीं कांहीं सिद्धांत त्यासाठीं कबूल करावा लागत नाहीं. आणि वडीलधाऱ्यांनीं मुलास बसवून संकल्प वदवून घेण्यापूर्वीं स्वतःस विचारावें कीं, आपल्याला त्याची श्रद्धा हवी आहे कीं नुसता आवाज? आवाज हवा असेल तर तो धाकानें मिळेल. श्रद्धा हवी असेल तर त्याच्या शंका ऐकून घेण्यासाठीं रोज थोडा वेळ काढावा लागेल, आणि त्या शंकांपैकीं कांहीं आपल्याहि मनांत होत्या, हें त्याला सांगावें लागेल.