बिल दुसऱ्याच्या नावाचे, इजा आपली

कपाशीला पाते-फुले लागून बोंडे धरू लागण्याच्या दिवसांत चोपडा, यावल, शिरपूर, शिंदखेडा या तालुक्यांतील शेतांतून जो इसम पाठीला पंप बांधून दिवसभर फवारणी करीत असतो, तो पुष्कळदा त्या शेताचा मालक नसतो. तो सालदार असतो, रोजंदार असतो, किंवा सातपुड्याच्या पाड्यावरून हंगामापुरता खाली उतरलेला पावरा वा भिल्ल मजूर असतो. ज्या औषधाचे तुषार त्याच्या श्वासात आणि घामेजलेल्या कातडीत शिरतात ते त्याने विकत घेतलेले नसते, आणि कृषी केंद्राच्या बिलावर त्याचे नावही नसते. अशा माणसाला विषबाधा झाली तर त्याला दाद मागता येते काय, असे विचारले असता गावातील शहाणीसुरती माणसेसुद्धा ‘बिल नाही, तर दावा नाही’ असे निःशंकपणे सांगून मोकळी होतात. सदोष वा धोकादायक वस्तूंमुळे जायबंदी होणाऱ्यांविषयी जे गैरसमज रूढ आहेत, त्यांत सर्वांत घातक हाच होय.

वस्तुस्थिती अशी की, २० जुलै २०२० रोजी अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने ग्राहकाची जी व्याख्या केली आहे, तीत पैसे मोजणाऱ्याबरोबरच त्याच्या संमतीने ती वस्तू वापरणाराही अंतर्भूत आहे, आणि ग्राहक मृत्यू पावल्यास त्याच्या कायदेशीर वारसांना फिर्याद दाखल करण्याची मुभा आहे. हे तत्त्व नवे नाही. १९२८ साली स्कॉटलंडमधील पेस्ली या गावी मे डोनोह्यू नावाच्या एका बाईने मैत्रिणीने घेऊन दिलेले जिंजर बिअर प्यायले, बाटलीत कुजलेली गोगलगाय असल्याचे तिचे म्हणणे होते, आणि पैसे तिने दिलेले नसतानाही उत्पादकावर तिच्याविषयी काळजी घेण्याचे कर्तव्य आहे असा निर्णय ब्रिटनच्या उमराव सभेने १९३२ साली दिला. बिल हा हक्काचा उगम नव्हे, तो अनेक पुराव्यांपैकी एक पुरावा आहे. दुकानदाराच्या विक्रीची नोंद, शेतमालकाचा जबाब, डबीवरील बॅच क्रमांक आणि रुग्णालयातील नोंदी यांनीही तेच काम भागू शकते.

कंपनी मोठी, त्यातून परदेशी, तेव्हा तिच्यापर्यंत आपला हात पोहोचणार कसा, ही निराशाही तितकीच सार्वत्रिक आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयांत दाखल झाले. त्यांपैकी काही पीडितांनी व त्यांच्या कुटुंबीयांनी २०२० साली सिंजेंटा या कंपनीविरुद्ध तिच्या मुख्यालयाच्या गावी, स्वित्झर्लंडमधील बाझल येथे, भरपाईची मागणी नेली. कंपनीने दोष नाकारला. परंतु विदर्भातील शेतमजुराच्या घरची विधवा बाझलपर्यंत दाद मागू शकते, तर जळगावच्या माणसाने जळगावातच हातपाय गाळण्याचे कारण नाही.

आता कायद्याची कठोर बाजूही सांगितलीच पाहिजे. वस्तूचा गैरवापर केला असल्यास किंवा तीत फेरफार केला असल्यास विक्रेत्यावरील दावा टिकत नाही. आणि मालकाने कामाच्या ठिकाणी वापरण्यासाठी वस्तू खरेदी केली असून उत्पादकाने त्या मालकाला इशारे व सूचना दिल्या असतील, तर पुरेसा इशारा दिला नाही या कारणावरून उत्पादकाला जबाबदार धरता येत नाही, असे याच अधिनियमाचे कलम ८७ सांगते. शेतमजुराच्या वाटेत खरी धोंड आहे ती ही, बिलाची नव्हे. कीटकनाशकाच्या डबीवर कोपऱ्यावर उभा केलेला जो चौकोन असतो, त्याचा खालचा अर्धा भाग लाल असेल तर विष अत्यंत जहाल, पिवळा असेल तर त्याखालोखाल, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य, अशी वर्गवारी कायद्याने ठरवलेली आहे, आणि सोबतच्या माहितीपत्रकात विषबाधेची लक्षणे व उतारा दिलेला असतो. पण ते पत्रक बारीक अक्षरांत छापलेले, डबी उघडताना मालकाच्या ओसरीवरच राहिलेले, आणि मजूर पावरी बोलणारा, अशी स्थिती असता त्या इशाऱ्याला पुरेसा म्हणावे काय? माझ्या मते म्हणू नये. आणि वकिलाने फिर्यादीत हा मुद्दा स्पष्टपणे मांडून, केवळ इशाऱ्याच्या अभावावर विसंबून न राहता, औषधाच्या घडणीतील वा आराखड्यातील दोषाचाही आधार घ्यावा.

कारण दुसरा गैरसमज तेथेच दूर होतो. कंपनीचा निष्काळजीपणा सिद्ध करता आला पाहिजे, आणि तो आपल्यासारख्याला कसा सिद्ध होणार, असे लोक म्हणतात. घडणीत दोष असणे, आराखडाच सदोष असणे, उत्पादनाच्या ठरलेल्या मानकांपासून ते ढळलेले असणे, दिलेल्या स्पष्ट हमीप्रमाणे नसणे, किंवा योग्य वापराच्या सूचना अपुऱ्या असणे, यांपैकी एक गोष्ट शाबीत झाली की कलम ८४ प्रमाणे उत्पादक जबाबदार ठरतो. कारखान्यात कोणी हयगय केली हे दाखवण्याची अट तेथे घातलेली नाही. हीच गोष्ट फुटलेल्या प्रेशर कुकरला आणि विजेचा धक्का देणाऱ्या पाणबुडी मोटारीलाही लागू आहे. वॉरंटीची मुदत संपली म्हणून शरीराला झालेल्या इजेचा हक्क संपत नाही. वस्तूची किंमत हा एक विषय आहे, भाजलेला हात हा दुसरा.

शेती हा धंदा आहे, म्हणून शेतकरी ग्राहक नव्हे, असा बचाव बियाणे कंपन्यांनी वर्षानुवर्षे घेतला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात तो फेटाळला, आणि पेरणीसाठी आणलेले सर्व बियाणे पेरून टाकणाऱ्या शेतकऱ्याने तपासणीसाठी नमुना राखून ठेवावा ही अपेक्षाच अवास्तव ठरवली. उगवण न झालेल्या शेताचा तालुका समितीकडून वेळेवर करून घेतलेला पंचनामा हा त्यामुळे अशा प्रकरणांत फार मोलाचा दस्तऐवज ठरतो.

खर्चाची भीती बहुतांशी निराधार आहे. फिर्याद कोणत्या ग्राहक आयोगापुढे चालावी हे मागितलेल्या भरपाईवर नव्हे, वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरते, आणि ५० लाख रुपयांपर्यंत मोजलेली किंमत जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते; ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क शून्य आहे. म्हणजे काही शे रुपयांच्या डबीने एखाद्याचा जीव घेतला आणि वारसांनी लाखोंची भरपाई मागितली, तरी फिर्याद जिल्ह्यातच व विनाशुल्क दाखल होते. कंपनीचे कार्यालय मुंबईत वा गुरुग्रामला असले तरी फिर्यादी जेथे राहतो वा पोट भरण्यासाठी काम करतो तेथील आयोगापुढे तो जाऊ शकतो. जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी असे आयोग आहेत, आणि वकील नेमणे बंधनकारक नाही. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला किंवा शासनाचे सानुग्रह अनुदान मिळाले, म्हणून ही वाट बंद होत नाही. इतर कायद्यांखालील उपायांच्या जोडीला हा उपाय आहे, असे अधिनियमच म्हणतो.

दावे हातचे जातात ते बहुधा पहिल्या दोन दिवसांत. दुकानदार सद्भावाने वा भीतीने ‘आणा, बदलून देतो’ म्हणतो, आपण फुटलेला कुकर किंवा अर्धी डबी त्याच्या स्वाधीन करतो, आणि प्रयोगशाळेकडे पाठवण्यासारखे काहीच उरत नाही. वस्तू आहे त्या अवस्थेत, न धुता, न उघडता, मुलाबाळांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. तिचे व जागेचे छायाचित्र घ्यावे. विषबाधा असेल तर डबी व माहितीपत्रक रुग्णाबरोबर रुग्णालयात न्यावे, म्हणजे डॉक्टरांना उतारा ठरवता येतो आणि औषधाचे नाव केसपेपरवर चढते. धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालयात असो वा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, ‘विषबाधा’ एवढाच शब्द लिहून घेऊन परतू नये. कोणत्या औषधाने, कोणते काम करताना, हेही लिहवून घ्यावे.

फिर्यादीची मुदत दावा करण्याचे कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. उशिराचे सबळ कारण दाखवल्यास आयोग ती माफ करू शकतो, पण त्या माफीवर कोणी विसंबू नये. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि अपंग यांना उत्पन्नाचा विचार न करता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठीचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावयाचा असतो. ज्यांच्या शेतावर सालदार राबतो अशा मालकांनी हा अर्ज त्याच्यासाठी स्वतः लिहून द्यावा, आणि फिर्यादीत त्याच्या बाजूने जबाब देण्यास कचरू नये.