बंबातला थर आणि हाडांचे कोडे

दुष्फेन पाण्याच्या गावात राहणाऱ्यांना बंबाच्या आतला पांढरा थर नवा नाही. पाणी तापते, त्यातला विरघळलेला चुना भांड्याला आतून चिकटत जातो आणि काही वर्षांत बंब आतून दगडी होतो. आता असे पाहा, की आपल्या रक्तातही कॅल्शियम आहे, फॉस्फेट आहे. हाडातल्या खनिजाचे स्फटिक एकदा धरले की वाढतच जावेत, इतके त्यांचे प्रमाण आहे. मग आपल्या रक्तवाहिन्यांचा बंब का होत नाही? खनिज नेमके हाडांत आणि दातांतच का बसते?

हर्बर्ट फ्लाइश या स्विस डॉक्टरांनी याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. १९६० च्या सुमारास ते अमेरिकेत रॉचेस्टर येथे विल्यम न्यूमन यांच्याबरोबर काम करीत होते. हाडाचा साचा कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचा असतो. हे कोलॅजेन कॅल्शियम व फॉस्फेटच्या द्रावणात ठेवले की त्यावर स्फटिक धरू लागत. पण त्यात रक्तद्रव मिसळला की काम अडे! म्हणजे रक्तात कोणीतरी पहारेकरी होता.

१९६२ मध्ये फ्लाइश आणि त्यांच्या सहकारी बिसाझ यांनी तो मूत्रातून वेगळा काढला. त्याचे नाव पायरोफॉस्फेट. दोन फॉस्फेट आणि त्यांना जोडणारा मधला ऑक्सिजनचा अणू, अशी त्याची साधी रचना. गंमत म्हणजे नळांत थर धरू नये म्हणून कारखानदार याच कुळातली फॉस्फेटे आधीपासून पाण्यात घालीत होते.

मग हाडात तरी खनिज कसे बसते? तेथे एक विकर पायरोफॉस्फेटचे तुकडे करते. पहारेकरी दूर होतो आणि स्फटिक धरतात. काही मुलांत जन्मतःच हे विकर कमी असते. त्यांची हाडे मऊ राहतात. त्यांच्या मूत्रात पायरोफॉस्फेट जास्त असते, हे ग्रॅहम रसेल यांनी १९६५ मध्ये दाखविले. इतकेच नव्हे, पायरोफॉस्फेट फार साठले तर ते स्वतःच कॅल्शियमशी जोडी जमवून सांध्यात स्फटिकरूपाने बसते. अशा स्फटिकांनी गुडघा एकाएकी सुजून लाल होतो. १९६२ मध्ये अमेरिकेतील डॅनियल मॅकार्टी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ते ओळखले आणि या दुखण्याला ‘खोटा गाउट’ म्हटले. (खऱ्या गाउटमध्ये स्फटिक युरिक आम्लाचे असतात.) रखवालदारानेच घरात बिऱ्हाड थाटावे, तसा हा प्रकार!

तुम्ही म्हणाल, नको तेथे चुना साठत असेल तर पायरोफॉस्फेटच औषध म्हणून द्यावे. तो प्रयोगही झाला. जीवनसत्त्व ड फार झाले की घुशीएवढ्या प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या रक्तवाहिन्यांत खनिज साठते. पायरोफॉस्फेट टोचले तर ते साठणे थांबे, पण तोंडावाटे दिले तर काहीच उपयोग होत नसे. पचनमार्गातच त्याचे तुकडे होत.

तेव्हा मधल्या ऑक्सिजनच्या जागी कार्बनचा अणू असलेली संयुगे घेण्यात आली. ही जोडणी शरीरातल्या विकरांना तोडता येत नाही. साबण आणि दंतमंजन बनविणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीतील मॅरियन फ्रान्सिस यांचीही या संशोधनात साथ होती. दातांवरचे कीटण हाही अखेर थरच ना! १९६९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि त्यांतला एक अधिक मोलाचा ठरला. ही संयुगे स्फटिकांना वाढू देत नाहीत, तसेच विरघळूही देत नाहीत.

याचे महत्त्व मोठे आहे. हाड काही निर्जीव खांब नव्हे. काही पेशी ते सतत कोरतात, दुसऱ्या भरून काढतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दरवर्षी नवा होतो. उतारवयात, विशेषतः स्त्रियांत, कोरणे जास्त आणि भरणे कमी होते. हाडे पोकळ होतात आणि न्हाणीघरात पाय घसरायचे निमित्त होऊन आजीचे खुब्याचे हाड मोडते. पुष्कळ जणी त्यातून पुन्हा पूर्वीसारख्या चालत नाहीत.

पहिले औषध एटिड्रोनेट. ते १९७१ पासून पॅजेट या अस्थिरोगावर वापरल्याचे अहवाल आले. पण जास्त मात्रेत ते नव्या हाडात खनिजही बसू देईना. पुढे नायट्रोजन असलेली, कितीतरी प्रभावी संयुगे निघाली. त्यांतले अलेंड्रोनेट १९९५ मध्ये अमेरिकेत हाडांच्या ठिसूळपणावर मंजूर झाले. ही औषधे हाडात वर्षानुवर्षे टिकून राहतात. म्हणून काही वर्षांनी ती थांबवायची का, हे डॉक्टर तपासून ठरवितात. फार काळ घेतल्यास क्वचित मांडीचे हाडच मोडल्याची उदाहरणे आहेत.

ही गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही. आडवे झाल्यास ती अन्ननलिकेत अडकून दाह करते. आणि दुधाबरोबर का घ्यायची नाही, हे आता तुम्हीच आजीला समजावून सांगा.