शेवटची पायरी आधी

मूर्तिजापूरजवळच्या एका गावात, टिनाच्या घराच्या ओसरीवर, विशेष शिक्षणाची पदविका करणारी एक छात्राध्यापिका नऊ-दहा वर्षांच्या मुलाला टी-शर्ट घालायला शिकवत होती. तिनं गळा डोक्यातून काढला, दोन्ही हात बाह्यांत घातले, शर्ट छातीपर्यंत आणला आणि ती थांबली. उरलेलं खाली ओढायचं काम मुलाचं. बऱ्याच वेळानं त्यानं ते केलं.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी कामाच्या अशा बारीक पायऱ्या पाडतात. त्याला कार्य विश्लेषण म्हणतात. अशा कामात बहुधा शेवटची पायरी आधी शिकवतात. पहिल्या पायरीपासून सुरुवात केली तर मूल मध्येच अडू शकतं आणि धडा रडण्यावर संपू शकतो. शेवटून सुरू केलं, की दरवेळी काम त्याच्याच हातून पुरं होतं. ती पायरी जमली की एक मागची. मदतही हळूहळू काढून घ्यायची: आधी हाताला हात, मग कोपराला नुसता स्पर्श, मग शब्द, मग खूण.

पाठ टाचणात हे सगळं नीट लिहिलेलं होतं. आईची सकाळ मात्र त्यात कुठंच नव्हती. कापूस वेचायला नेणारा ऑटो आठला येतो. "सकायी मले कुठं टाइम राह्यते मॅडम, मीच घालून देतो त्याले," आई म्हणाली. शाळेतल्या सराव पाठात जमलेलं घरी रोज मोडत होतं. मग छात्राध्यापिकेनं वेळ संध्याकाळची धरली आणि शिकवणं आईकडे सोपवलं. आता ती शेजारी बसून आईला एकच गोष्ट शिकवत होती: हात न लावता थांबणं. लेकरू चाचपडताना आईनं थांबणं किती अवघड, ते मी तिच्या बोटांकडे पाहून समजलो.

सेवेतून शिकणं म्हणतात ते हेच. सणाला खाऊ वाटून परतणाऱ्याला ते साधत नाही. घरची अडचण हाती घ्यायची, तिच्यावर आपली विद्या तपासायची आणि रात्री वहीत लिहायचं, की आराखडा कुठं चुकला. गाडगेबाबा आधी गाव झाडत, मग कीर्तनाला उभे राहत. त्यांच्या मुलखाला हा क्रम परका नाही. अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस दिव्यांग मुलांना आपलं नाव दिलं, घर दिलं. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच घरात वाढलेल्या अंध माला पापळकर एमपीएससीची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. अशा कामाला वर्षं द्यावी लागतात.

म्हणूनच सराव पाठांचं वेळापत्रक मला खटकतं. एक पायरी जमायला महिने लागू शकतात आणि छात्राध्यापिका तर काही आठवड्यांत निघून जाते. निदान पुढच्या तुकडीला तेच घर आणि तीच वही मिळावी. मूल बाहीपर्यंत आलं असेल तर नव्या मॅडमनी त्याला पुन्हा शर्ट खाली ओढण्यापासून सुरू करायला लावू नये.